तालीम, वसतिगृह आणि एक राजा

मुळशी तालुका पूर्वेला जिथे पुणे शहराला भिडतो, तिथे म्हाळुंगे गाव आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीच्या माळावर शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हा सभोवार शेते होती. आज टोलेजंग इमारतींच्या गर्दीत संकुल शोधावे लागते, आणि २०२१ मध्ये म्हाळुंगे गावही महापालिकेत गेले. संकुलात राज्य सरकारची क्रीडाप्रबोधिनी आहे. उंची, धाव, उडी मोजून गावोगावची मुले निवडायची, त्यांना इथे ठेवायचे, जेवूखाऊ घालायचे, शाळेत पाठवायचे आणि सकाळ-संध्याकाळ खेळवायचे, असा तिथला परिपाठ. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा भारतात झाली. भारताच्या संघात कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा होता, अनिकेत जाधव. घरापासून दूर, पुण्याच्या याच प्रबोधिनीत तो वाढला होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला, पण फुटबॉलच्या कुठल्याही जागतिक स्पर्धेत खेळणारा भारताचा तो पहिलाच संघ होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. प्रबोधिनी मुळशीच्या अंगणात, मग तिथून पुढे गेलेला मुलगा मुळशीचा का नाही? दमछाक आणि रग यांची उणीव मुळशीला कधीच नव्हती. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठे गावचे. पौड खोऱ्यात तालमीशिवायचे गाव सांगणे एके काळी अवघड होते. पुढे जमिनींना भाव आला, बांधावरचा पोरगा गाडीत बसला, तालमीच्या जागी मंगल कार्यालय आले. आता भूगाव-बावधनकडे जाताना रस्त्याच्या कडेला जाळीत कोंडलेली हिरवी मैदाने दिसतात. त्यांना टर्फ म्हणतात. तासाचे पैसे भरायचे आणि खेळायचे. तास संपला की पुढची पोरे आत, आपण बाहेर. ज्याच्या बापाला परवडते त्याने चेंडू मारायचा. वाईट काही नाही त्यात, पण त्या मैदानावर कुठल्याही पोराचे नाव लिहिलेले नसते, आणि पोराच्या मनावर त्या मैदानाचे.

कोल्हापुरात तसे नाही. तिथल्या फुटबॉल संघांची नावे परक्या माणसाने ऐकली तर तो बुचकळ्यात पडतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम. फुटबॉल खेळणाऱ्यांनी स्वतःला तालीम का म्हणवून घ्यावे? याचे उत्तर शोधत मागे मागे गेले की माणूस ज्या माणसापाशी येऊन थांबतो त्याने फुटबॉलसाठी म्हणून काही केले, अशी त्याची ख्याती नाही. त्याचा खेळ कुस्तीचा. १९२२ साली तो गेला. राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र मराठी वाचकाला आरक्षणामुळे, वेदोक्तामुळे, माणगाव परिषदेमुळे ठाऊक असते. मला आज ते तालमीच्या दारातून सांगायचे आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब कागलच्या थोरल्या पातीचे प्रमुख, आई राधाबाई मुधोळच्या. यशवंत तीन वर्षांचा असतानाच आई गेली. कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या नजरकैदेत अहमदनगरच्या किल्ल्यात १८८३ मध्ये मृत्यू पावले. त्या मृत्यूची कहाणी अंगावर काटा आणणारी आहे, पण ती इथे नको. त्यांच्या मागे आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि यशवंतरावचे शाहू झाले. दोनच वर्षांनी जन्मदाते वडीलही वारले. बारा वर्षांचा पोरका मुलगा, डोक्यावर छत्रपतींच्या गादीचे ओझे आणि भोवती इंग्रज अधिकारी व दरबारी मंडळी. पुढे या माणसाने परक्यांच्या मुलांसाठी जी वसतिगृहे बांधली, त्यांच्याकडे पाहताना मला हे बारा वर्षांचे पोर आठवते. घर सोडून शिकायला जाणाऱ्या मुलाला काय लागते हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ते १८८५ ते १८८९ अशी चार वर्षे होते. संस्थानिकांच्या मुलांना तिथे इंग्रजी, शिष्टाचार, घोडदौड आणि मैदानी खेळ शिकवत. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी त्यांचे तिथले मित्र, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. नंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चार वर्षे अभ्यास झाला, हिंदुस्थानभर आणि सिलोनपर्यंत प्रवास झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. देह मुळातच दांडगा, आणि कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. मेहनत करायची, जोर-बैठका मारायच्या, मातीत लोळायचे. इंग्रजी शिक्षणाने त्यांचा हा नाद सुटला नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजांच्या शाळांत खेळ शिकवत ते राज्य करणारे घडवण्यासाठी. मैदानावर नेतृत्व शिकायचे आणि पुढे प्रजेवर चालवायचे, असा तो विचार. राजकोटची शाळा त्याच वळणाची. पण २ एप्रिल १८९४ रोजी, विशीत असताना राज्यकारभार हाती आल्यावर शाहूंनी खेळ राजपुत्रांसाठी राखून ठेवला नाही. तो पेठेतल्या आणि खेड्यातल्या पोरांच्या हाती दिला. कोल्हापुरात तालमी आधीही होत्या. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, बांधकामाला मदत केली, वस्ताद नेमले, होतकरू मल्लांना खुराक लावून दिला. पंजाबकडचे नामांकित मल्ल दरबारी आश्रयाला आणले. त्यांच्याबरोबर लढून-झोंबून इथली पोरे शिकतील, हा हेतू. मोतीबाग तालमीचे नाव आजही घेतले जाते ते त्या परंपरेमुळे.

खुराक या शब्दावरून आपण फार सहज पुढे जातो. पैलवान घडतो तो डाव शिकून, हे अर्धेच खरे. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि पोटभर भाकरी हे उरलेले अर्धे. गरीब कुणब्याच्या घरात सकाळी हजार जोर मारणाऱ्या पोराची भूक भागवणे शक्यच नसते. त्याच्या पोटाची तजवीज करणारा कोणी भेटला नाही तर त्याच्या अंगातली कुस्ती नांगरामागे जिरून जाते. आजकाल फुटबॉलच्या प्रशिक्षणाची मोठी पुस्तके निघतात. त्यांतही आहाराचे प्रकरण असते, पण आहार कोणाच्या पैशाने घ्यायचा याचे प्रकरण मी कुठे पाहिले नाही. महाराजांनी सुरुवात त्या प्रकरणापासून केली.

शाहूंच्या राज्याची पहिली वर्षे दुष्काळ आणि प्लेगची. १८९६-९७ चा दुष्काळ, मागोमाग साथ. अशा वेळी मल्लांवर खर्च कशाला, अशी टीका होणे साहजिक होते, आणि खरे सांगायचे तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. राजाच्या शौकाला खजिन्यातून पैसा पुरवणे हे सगळ्याच संस्थानांत चालले होते. कुणाला नाचगाण्याचा शौक, कुणाला मोटारींचा, कुणाला कुत्र्यांचा. शिकारीचा शौक शाहूंनाही होताच, त्याच्यावरही खर्च होई. फरक पडतो तो या शौकाचे पुढे काय झाले यात.

१९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याआधी सगळ्या जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात ठेवून पाहण्याचा प्रयत्न फसला होता. मग प्रत्येक जातीला, धर्माला स्वतंत्र वसतिगृह, जागा आणि मदत दरबारची, कारभार त्या त्या समाजाचा, अशी वाट त्यांनी काढली. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुसलमान मुलांचे, १९०७ मध्ये लिंगायतांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. पुढे ही यादी वाढतच गेली. जातवार वसतिगृहांमुळे जाती पक्क्या होतील, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मला वाटते, महाराजांना तो मान्यच असावा, पण मुलगा शहरात आला पाहिजे, उपाशी न राहता शिकला पाहिजे, ही घाई त्याहून मोठी होती. कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात होते. तिथल्या नियमांशी त्यांचे जमले नाही, तेव्हा राजवाड्याने त्यांना थारा दिला. भाऊरावही कुस्तीचे शौकीन, अंगाने भक्कम. १९१९ मध्ये त्यांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तिचा कणा वसतिगृह हाच राहिला.

तेव्हा एका हाताने तालीम आणि दुसऱ्या हाताने वसतिगृह, असे हे काम चालले होते. दोन्हीकडे जागा आणि आधार राजाचा, रोजचा कारभार लोकांचा. ही पद्धत पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवी.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. जाताना-येताना युरोप पाहिला. केंब्रिजने त्यांना मानाची पदवी दिली. आणि तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, राज्यातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध हुकूम निघाला. योगायोग असा की त्याच वर्षी मँचेस्टरमधल्या न्यूटन हीथ या फुटबॉल संघाने मँचेस्टर युनायटेड हे नाव घेतले. १८७८ मध्ये तो संघ काढला होता रेल्वेच्या कामगारांनी. लिव्हरपूलचा एव्हर्टन संघ त्याच वर्षी एका चर्चच्या तरुण मंडळातून निघालेला. ज्या संघांच्या नावाचे बनियन घालून आज आपली नातवंडे हिंडतात, ते मुळात कुणाच्या तरी गल्लीतली मंडळेच होती. महाराजांनी ती पाहिली की नाही हे महत्त्वाचे नाही. त्यांच्या मनात भरले ते रोमचे कलोसियम. गोलाकार, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले, कुठेही बसले तरी मधली झुंज दिसावी असे.

परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात तसेच मैदान कुस्तीसाठी बांधायला घेतले. १९०७ मध्ये काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरे झाले. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, हजारो माणसे बसतील एवढी. पहिली मोठी कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. शेजारीच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले, ते १९१५ मध्ये उघडले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडले तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. कुस्ती आणि नाटक यांची एकाला एक लागून घरे बांधणारा राजा दुसरा मला माहीत नाही.

खासबागेत जाऊन मी अनेकदा वरच्या पायरीवर बसलो आहे. मैदान रिकामे असले तरी कळते की बांधणाऱ्याने प्रेक्षकाचा विचार केला होता. जमिनीवर उभा राहून टाचा उंचावून कुस्ती पाहणारा माणूस मागे राहतो, त्याला धक्के बसतात, तो चिडतो. पायरीवर बसलेला माणूस डाव समजून घेतो. दहा वर्षांचा पोरगा आजोबांच्या मांडीवर बसून ढाक, कलाजंग, घिस्सा यांची नावे शिकतो. जाणता प्रेक्षक असेल तर खेळाडूला हलगर्जीपणा करता येत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉललाही पुढे असाच प्रेक्षक मिळाला.

कुस्तीत आणखी एक गोष्ट असते. तिच्यात स्पर्श टाळता येत नाही. विटाळाच्या कल्पनेने पाण्याचा हौद वेगळा ठेवणाऱ्या समाजात मातीचा हौदा मात्र अंगाला अंग भिडवल्याशिवाय चालत नाही. महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या माणसांना माहुताच्या जागा दिल्या. गंगाराम कांबळे या आपल्या नोकराला पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला, तेव्हा त्याला चहाचे दुकान काढून दिले आणि येता-जाता स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला. राजाच्या हातात कप दिसल्यावर बरोबरच्या सरदारांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. या सगळ्यात एक सूत्र आहे, आणि ते वस्तादाचे आहे. होतकरू पोरगा हेरायचा, त्याच्यामागे उभे राहायचे आणि मैदानात सोडायचा.

मुळशीकरांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा शेतकरी सेनापती बापटांच्या मागे उभा होता. त्या धरणातली वीज जायची होती मुंबईला. त्याच सुमारास तिकडे दाजीपूरच्या जंगलाजवळ राधानगरीला शाहूंचे धरण अर्धवट अवस्थेत होते, आणि त्याचे पाणी जायचे होते त्यांच्याच रयतेच्या शेताला. आमच्या भागात भावना तीव्र असतात म्हणून तुलना इथेच सोडतो.

१२ जून १९१८ रोजी धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्या घावातून महाराज कधी सावरले नाहीत. देह थकला, मधुमेह बळावला. १९२२ मध्ये बडोद्याच्या एका लग्नाहून आल्यावर प्रकृती बिघडली, मुंबईला उपचार चालले, आणि ६ मे रोजी खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला. अठ्ठेचाळीसही पुरी झाली नव्हती.

राजा गेला की राजाश्रय जातो. शाहूंनंतर राजाराम महाराजांनी बरेच काही सांभाळले, पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी खुराक संपला. नामांकित मल्लांचे हाल झाले. दरबारच्या पैशावर जे उभे होते ते खचले, पेठेच्या वर्गणीवर जे चालत होते ते राहिले. म्हणूनच तालमी राहिल्या. मारुतीची मूर्ती, हौदा, बाहेरचा कट्टा, गणपती-मोहरमचा एकत्र कारभार, आणि भांडणतंटा झाला तर मिटवायला बसणारी म्हातारी मंडळी. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचे होते, तेव्हा दरबार उरला नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, बाकीचे लोकांनी. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. वस्ताद, प्राचार्य, गावकरी आणि गहाणखत, असा त्या पदकाचा हिशोब आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला त्यातले गहाणखत जरा जास्तच दिसते.

फुटबॉल या तालमीत भाडेकरू म्हणून आला आणि घरचा झाला. पोरे व्यायामाला येतच होती, कट्टा होता, वर्गणी मागायची सवय होती, ईर्षा होती. एक चेंडू तेवढा हवा होता. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली, पेठापेठांच्या संघांचे सामने नियमित होऊ लागले. आज महाराजांच्याच नावाच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकाने लवकर बंद होतात. वर्ल्डकप आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण खरे रक्त उसळते ते पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटल्यावर.

हे सगळे गोडच आहे असे नाही. पेठेचा अभिमान कधी दगडफेकीवर जातो, सामने थांबवावे लागतात. जिंकण्याच्या हव्यासापायी संघांनी नायजेरियाकडचे खेळाडू पैसे मोजून आणले. त्यात एक शिकण्याची संधी होती, महाराजांनी पंजाबी मल्ल आणले तशी. पण महाराजांनी पाहुण्या मल्लांबरोबर घरची पोरे झुंजवली, आणि इथे कित्येकदा घरचा पोरगा बाकावर बसला. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे सराव, वेगळे सामने हवेत, हे आता कुठे रुजू लागले आहे. आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलींना जागा नव्हती, हे तर उघडच आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर मात्र फुटबॉलमध्ये शिरली, प्रशिक्षक झाली, आणि अखिल भारतीय महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचे काम देशपातळीवर पाहू लागली. सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम ज्या मुलुखासाठी निघाला त्यातलेच हे गाव.

अनिकेत जाधवची वाट आता जरा स्पष्ट दिसते. चेंडूची गोडी लागली ती कोल्हापुरात, जिथे रस्त्यावरच्या प्रत्येक काकाला ऑफसाइड कळतो. राहणे, खाणे, शाळा आणि शिस्त मिळाली ती म्हाळुंग्याच्या वसतिगृहात. पहिले नसते तर तो निवडीला आलाच नसता, दुसरे नसते तर पेठेच्या संघात नाव कमावून तिथेच राहिला असता. मुळशीत दुसरे आहे, दाराशी आहे. पहिले आपण मोडून त्याचे प्लॉट पाडले.

पंचवीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीत मी कोल्हापुरात होतो. आमच्या शाखेत एका तालमीचे बचत खाते होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, तिघांपैकी दोघांच्या सह्या. गणपतीनंतर खाते फुगे आणि फुटबॉलचा हंगाम सरता सरता तळाला जाई. एकदा खजिनदार एका तेरा-चौदा वर्षांच्या पोराला घेऊन आले. त्याला पुण्याला निवडीसाठी पाठवायचे होते. एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, दोन दिवसांचे जेवण आणि बुटांची एक जोडी, एवढी रक्कम त्यांनी काढली. खात्यात त्यानंतर काही रुपये उरले, किमान शिल्लकही राहिली नाही. नियमाप्रमाणे मी ते बोलून दाखवले. खजिनदार हसले, पोराने मात्र मान खाली घातली. पोराच्या पायांत स्लीपर होत्या.

निवड झाली नाही. तो परत आला आणि बरीच वर्षे तालमीच्या संघात डाव्या बगलेला खेळला. निवृत्तीच्या आधी त्याच शाखेत माझी पुन्हा बदली झाली, तेव्हा खात्यावरच्या सह्या बदलण्याचा अर्ज घेऊन एक पस्तिशीचा गृहस्थ समोर बसला. नवा खजिनदार तोच होता. अर्जाबरोबर पैसे काढण्याची स्लिप होती. बाहेर बाकड्यावर एक मुलगा बसला होता, त्याला उद्या पुण्याला पाठवायचे होते.